कपाटातली मालगाडी

ब्याऐंशी साली नाशिकच्या स्टँडवर, मनमाडच्या गाडीच्या रांगेत, माझ्यापुढं एक वयस्क जोडपं उभं होतं. नवरा दवाखान्यातून नुकताच सुटलेला, बायकोच्या खांद्याचा आधार घेऊन उभा.

"चांगुणा, घरी गेल्यावर पहिलं कपाट उघडायचं. माझ्या मालगाडीच्या डब्यांवर धूळ बसली असंल."

"आधी जेवा, पडा जरा."

"त्या तेलाच्या टाकीच्या डब्याला लय जपून हात लावायचा. देवळाली कॅम्पातल्या साहेबानं विलायतेहून आणलेला. खऱ्या डब्यासारखा हुबेहूब, पण तळहातावर मावतो. तसा परत मिळायचा नाय."

"अहो, कपाटात डबे नाहीत."

"मग कुठं हायेत?"

"वाटून टाकले. कॉलनीतल्या पोरांना."

"सगळे?"

"सगळे."

"अगं, रेल्वेत गार्ड होतो ती सगळी वर्षं गेली माझी ते जमवण्यात!"

"डॉक्टर म्हणले, आता आशा सोडा. घरी आले तर समोर ते डबे. माझ्यानं बघवंना."

"परत माग."

"काल गेले होते मागायला. कुणाची चाकं निघाली, कुणाचा डबा चेपला. पोरंच ती, खेळणारच."

"मी जिता होतो, चांगुणा."

"मी तुमच्यासाठी रडून मोकळी झाले होते हो. आता तुम्ही पुढ्यात उभे, तर काय बोलावं ते सुचत नाय."

गाडी लागली. ती पायरीवर चढली आणि तिनं हात पुढं केला.

"तू जा. मी पुढच्या गाडीनं येतो."

"पुढची गाडी आता उद्या सकाळी हाय."

"असू दे."