गेटचा निळा रंग

आमच्या आण्णांना रंगाचा डबा दिसला की माझं डोकंच फिरतं. वडील असले म्हणून काय झालं! माझ्या जुन्या गाडीचा हेडलाइट पणतीसारखा मिणमिणायचा. ताम्हिणीच्या धुक्यात म्हशीवर आदळता आदळता वाचलो. बल्ब बदलला, बॅटरी बदलली, फरक शून्य. शेवटी गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं आवळलेली अर्थिंगची वायर सोडली, तर खाली निळ्या रंगाचा जाड थर! दसऱ्याच्या पूजेआधी आण्णांनी गेटचा उरलेला रंग गाडीला फासलेला.

"रंगातनं करंट जात न्हाई, आण्णा! मेलो असतो मी!"

"मग गंजकी गाडी पूजायची व्हय?"

रंग खरवडला, वायर आवळली, लाइट लख्ख. दुसऱ्या दिवशी परत मिणमिण.

"आण्णा, परत रंग मारला?"

"उघडं लोखंड गंजतंय. ह्या बारीला बोल्ट सोडून आतनं दोन हात मारल्यात!"