हिरव्या दाराचं क्वार्टर

—नाई नाई, बोट लावू नका देवाजीभाऊ, रंग ओला आहे! बाप्पा रे. दुरून पाहा. इकडून या, उजेडाच्या बाजूनं. हाव, चप्पल तिथेच राहू द्या, मॉडेलखोलीत चप्पल चालत नाई, साहेबलोकं बी बूट काढून येतात — खऱ्या पोलादाच्या भट्टीवर बूट घालून जातात अन् लाकडाच्या भट्टीपुढे मोज्यावर उभे राहातात, अशी इथली रीत आहे. हे पाहा, हे आपलं भिलाई. पुरं, लाकडात कोरलेलं. बाहेर तुमाले काय दिसलं? धूळ, गिट्टीचे ढीग अन् ट्रका. ते नाई पाहाचं. दिल्लीचे पाव्हणे आले का जीपमधून सीधे इथेच येतात, खिडकीले लावलेल्या ओल्या वाळ्याच्या टट्टीतली थंडी हवा घेतात, मॉडेल पाहातात, 'बहुत काम हुआ है' म्हणतात अन् चालले. वाळ्याची टट्टी बी मॉडेलसाठी आहे बरं, आमच्यासाठी नाई — लाकूड तडकू नाई म्हून. तं मी म्हटलं, तुमाले बी स्टेशनावरून सीधं इथेच आणू. पोरगी पाहाचा कार्यक्रम दुपारचा, तिकडे बायकायचे पोहे होऊन राहिले, तोपर्यंत तुमी आमचं घर पाहून घ्या. घरच पाहाचं होतं ना? सोयरीक जुळवणाऱ्या चंपतनं सांगतलं मले — देवाजीभाऊची एकच अट आहे, सून पक्क्या घरातली पायजे, तेजरामले सासुरवाडीत पंख्याखाली बसता आलं पायजे. बरोबर आहे जी, बापाचा जीव आहे. तं हे पाहा. बाजाराच्या मागची ही लाईन, अन् लाईनीत हे हिरव्या दाराचं — हे आमचं क्वार्टर.

कसं वाटलं? बाकी सगळे दरवाजे कत्थी, आमचाच हिरवा. मीच दिला रंग. आता दाराचं वरचं अर्धंच दिसून राहिलं, खालचं कागदी चिकटपट्टीखाली झाकलं आहे, पण थांबा, दाखवतो. चहा घ्या ना, गरम आहे. हा खाली गेरूचा पट्टा पाहून राहिले ना, भिंतीच्या पायाशी, तो आताच मारला, तुमच्यासमोर. वर पिवळी भिंत — ती कालच दिली, घाई होती — खाली गेरू, अन् मधात रेघ. रेघ अशी पायजे का मुंगी चालली तं तिचा पाय घसरला पायजे. हातानं येते का अशी? नाई येत. एक मोठा शिकलेला पेंटर आला होता नागपूरचा, त्याचा रस्ता पाहून साहेब म्हणाले, ये नाली है क्या? मग एका रूसी साहेबानं ही कागदी चिकटपट्टी दिली. ब्लेडनं उभी चिराची, बारीक कराची. जिथे रंग नाई पायजे तिथे चिकटवाची. कड नखानं दाबाची — नखानंच, फडक्यानं नाई — नाई तं रंग खालून घुसते अन् रेघेले मिशा फुटतात. ब्रश पट्टीवरून खाली ओढाचा, खालून वर कधीच नाई. अन् मग खरी कारागिरी. पट्टी काढाची कधी? रंग ओला असतानाच! गरम चहा फुंकून पिण्याजोगा होते ना, बस, तेवढाच टाईम. वाळू दिला का गेलं, पट्टी खालचा रंग बी संगं घेऊन येते. पुऱ्या भिलाईत हे टायमिंग एकाच माणसाले जमते. विचारा कोणाले बी — हिरालाल मॉडेलवाला. काढतो ना, तुमच्यासमोरच काढतो, जादू वाटन तुमाले. बस एक मिनिट.

काय म्हणता? खोल्या? दोन खोल्या, सैपाकखोली वेगळी, मागं आंगण, अन् नळ — नळ घरात जी! मनकर्णा, म्हणजे आमची घरवाली, तिनं तं तुळस कुठे लावाची ते बी ठरवून ठेवलं. लावली नाई का? नाई, तसं... आंगणच अजून... पाहा देवाजीभाऊ, तुमच्यापासून काय लपवाचं, आपण इवाई होणार — ही लाईन अजून उभी राहाची आहे. पण चुना पडला! जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या, मी सोता पाहून आलो. जराशा वाकड्या आहेत, त्यायच्याजवळ चिकटपट्टी नाई ना. पण चुना पडला म्हणजे घर झालंच समजा. सरकारी चुना आहे.

अन् ही लाईन आली कुठून ते ऐका, तुमालेच वाटन का आपण कोणाच्या घरी सोयरीक करून राहिलो. नक्शात ही लाईनच नव्हती! खरं सांगतो. बाजाराचा रस्ता रंगवाचा होता, पेन्सिलीच्या रेघेच्या ह्या अंगाले पट्टी लावाची तं मी त्या अंगाले लावली — दुसऱ्या दिवशी पाव्हणे, साहेब डोक्यावर उभे, काय करन माणूस? रस्ता अंगठाभर सरकला. इथला अंगठाभर म्हणजे तिथे खऱ्या जमिनीवर बैलगाडी वळवून घ्या. झालं, रस्ता अन् बाजार यायच्या मधात उघडी जागा दिसाले लागली, टक्कल पडल्यावाणी. साहेब म्हणाले, हिरालाल, ये क्या है? म्हटलं, साहेब, इथे क्वार्टर लावाचे बाकी आहेत. उरलेलं लाकूड होतं, तेच तासलं, चिकटवलं, खिडक्या काढल्या. अन् पाव्हण्यायले पुऱ्या मॉडेलात तेच सगळ्यात जास्ती आवडलं! मजदुरांसाठी बाजाराले लागून घरं, वा वा! भाषणात बोलले. आता भाषणात आलं ते रद्द कोण करन? नक्शावाल्यायनं मुकाट्यानं नक्शा सुधरवला, तिकडे खरा रस्ता सरकवला. दुनियेत नक्शा पाहून मॉडेल बनवतात, आमच्याकडे मॉडेल पाहून नक्शा बनला. मग ज्याच्या हातून एवढे घरं निघाले, त्याले एक दार हिरवं कराचा हक्क आहे का नाई? अलॉट? आता अलॉट म्हणाल तं... ते साहेबाच्या सहीनं होते. होईन. साहेबानं हिरवं दार पाहिलं अन् काई म्हटलं नाई. काई म्हटलं नाई म्हणजे हो म्हटलं.

कावून हसून राहिले? — सध्या कुठे राहातो? सध्या राहातोच ना कुठेतरी. टिनाची शेड आहे कॅम्पातली, सगळेच राहातात, त्यात काय. उन्हाळ्यात तापते जराशी, मनकर्णा वर पापड टाकते तं भाजून निघते. पण कार्यक्रम तिथे नाई! कार्यक्रम मारोतरावाच्या क्वार्टरात आहे, ते आमच्या हापिसातले क्लार्क, भला माणूस, पंखा आहे, खुर्च्या आहेत. मनकर्णाले म्हटलं, दारावरच्या मारोतरावाच्या पाटीवर तेवढा टॉवेल वाळत घाल... तुमी हे मनात ठेवू नका. म्हणजे मनातच ठेवा, तिथे बोलू नका. पोरीले, रुक्माले, हे पसंत नाई, तेही सांगून टाकतो. सकाळी म्हणते, बाबा, मी दुसऱ्याच्या खुर्चीत बसून दुसऱ्याच्या कपबशीत चहा देणार नाई, पाहाचं असन तं शेडीत येऊन पाहा म्हणा. पोट्टी अशी आहे, तोंडावर बोलते. मी ओरडलो तिच्यावर. ओरडावं लागते जी, मले भेव वाटते. याच्या आधीचे पाव्हणे टिन पाहून दारातूनच वापस गेले. आत बी नाई आले. ती पोह्याच्या बश्या घेऊन उभी, अन् घेवाले कोणी नाई. मग तिनं त्या बश्या शेजारच्या पोरायले वाटून टाकल्या, हसत हसत. ते हसणं मले आणखी एकदा पाहाचं नाई देवाजीभाऊ. म्हून हे सगळं नाटक. अन् नाटकाचं म्हणाल तं चंपत तुमचं बी सांगते, तेजराम मशीनवर आहे म्हून — मी त्याले घमेलं उचलताना पाहिलं. बोललो का मी काई? म्हटलं, घमेलं मशीनीकडेच नेत असन.

जाऊ द्या. चहा प्या. साय आली वाटते, बाजूले करा. थंडा? थंडा कसा होईन, आताच तं — अरे. अरे बाप्पा. पट्टी! बोलण्याबोलण्यात पट्टी तशीच... काई नाई, काई नाई, ओलाच असन अजून. इकडे पाहा, आता जादू. कोपरा नखानं असा उचलाचा, तिरपी ओढाची, सरळ नाई, हळू... हे निघाली. पाहा, रेघ पाहा! निघाली का नाई सुतासारखी? आता इथे जराशी... चिकटली आहे, गर्मीनं. थोडा जोर लावला का —

थांबा. बोलू नका.

भिंत आली जी. कालचा पिवळा पुरा पट्टीसंगं निघून आला. खिडक्या बी. अन् हे... हे पाहा, तांदळाएवढं दार, वरचं अर्धं बी ओढून आलं. माह्या बोटाले चिकटलं. खाली नुसतं लाकूड राहिलं.

हॉर्न वाजला ना? जीप आहे. साहेब आले, पाव्हणे घेऊन. उठा देवाजीभाऊ, तुमी निघा... काय? मारोतरावाकडे नाई? शेडीत? शेडीत कावून? पंखा नाई तिथे, एक खाट आहे, तिची बी दोरी ढिली... खरंच जाता? मग जा. रुक्मा तिथेच असन, ती मारोतरावाकडे गेलीच नसन, मी ओळखतो ना तिले. मागच्या दारानं जा, पाण्याच्या टाकीपासून डाव्या हाताले, ज्या शेडीच्या दाराले रंगच नाई, ती आमची. अन् ऐका — पोट्टी खरी आहे जी. तिले मी रंग मारला नाई. जा आता. जा, जा, साहेब बूट काढून राहिले.