काशिनाथ अण्णाचे फोटो गोरे करू नका

अण्णांनो, अक्कांनो, औरादच्या मायबाप मंडळींनो. एवढी माणसं आज इथं जमली. हॉल भरला, बाहेर चपलांचा ढीग पडलाय. यातली निम्मी जरी काशिनाथ अण्णाच्या जिवंतपणी त्याच्या फोटोच्या दुकानाची पायरी चढली असती, तर बरं झालं असतं. पण न्हाई चढली.

मला भाषण येत न्हाई. मी वसंता, फ्रेमवाला. काच कापायची, खिळा ठोकायचा, एवढंच येतंय. परवा अण्णाचं तेरावं झालं. रडायला पाहिजे, ते कळतंय. पण रडू येईना, राग यायलाय. म्हणून आज कडू बोलणार. कडुलिंबाच्या पाल्यागत घ्या.

अण्णा माझ्या बरोबरीचा. गाव अण्णा म्हणायचं म्हणून मीबी म्हणायचो. सुरुवातीला त्यानंबी सगळ्यांसारखंच केलं. हैदराबादेतल्या एका स्टुडिओत पाहून आला आणि तसाच पडदा रंगवून घेतला. पडद्यावर जिना, गुलाब, तळ्यात बदकं. आपल्या रानात राबणाऱ्या बाया त्या जिन्यासमोर उभ्या राहायच्या, तोंडावर पावडर थापून. गिऱ्हाईक म्हणायचं, "भय्या, जरा गोरा आना जी." हा गोरा काढून द्यायचा. सगळे पिठाच्या बाहुल्या.

मग एका बाजाराच्या दिवशी लाईट गेली. एका म्हातारीला निराधारच्या पगाराच्या कागदाला फोटो पाहिजे होता आणि तिचा टेंपो निघायला आलेला. अण्णानं दुकानाचं दार सताड उघडलं, तिला उंबऱ्यावर बसवलं आणि आलेल्या उजेडात काढला. तो फोटो माझ्या काउंटरवर आणून ठेवला. मग म्हणाला, "वसंता, आजवर मी दुसऱ्याच्या उष्ट्या उजेडात फोटो काढायलो होतो."

त्या दिवशी पडदा निघाला. फ्लॅश पेटीत गेला. दार, उंबरा, आणि समोरचं माणूस. बास. आलेल्याला आधी तोंड धुवायला लावायचा. मग चहा. मग नुसत्या गप्पा. बाई विचारायची, "हात कुठं ठेवू अण्णा?" हा म्हणायचा, "घरी कुठं ठेवतीस?" ती हसायची, हात आपोआप मांडीवर यायचा. मग कॅमेरा उचलायचा. असं वर्षानुवर्षं. थंडीतला उजेड उंबऱ्याच्या आत कुठवर येतो, उन्हाळ्यातला कुठं थांबतो, हे बघत बसायचा. चांगले फोटो फाडायचा. मी ओरडायचो, "अरे, कामून फाडायलास?" तर म्हणायचा, "चांगला हाय, पण माझा न्हाई."

आणि आपण काय केलं? आपण त्याला अंधाऱ्या अण्णा म्हटलं. लग्नाच्या ऑर्डरी काढून घेतल्या. "पोरगी काळी दिसली तर सोयरीक मोडंल," म्हणायचे. मागं कोण चुळबुळ करायलाय? बस. तुझं नाव घेत न्हाई मी.

आता गावाला उमाळा आलाय. याच हॉलमध्ये अण्णाचे फोटो कायमचे लावायचे ठरले. चांगलं ठरवलं. मीच म्हटलं, फ्रेमा माझ्या. काल फोटोंचं पुडकं आलं. उघडलं तर काय, सगळे गोरे. डांबराच्या रस्त्यावर राबणारा माणूस गोरा. म्हशीवाला गोरा. सावली पुसलेली, सुरकुत्या पुसलेल्या. जन्मभर ज्या गोष्टीशी भांडला, तीच आपण त्याच्या फोटोंना फासली. ते बी तो मेल्यावर, उठून फाडता येईना तेव्हा.

पुडक्यात सगळ्यांत खाली गिरिजाक्का होती. अण्णाची बायको. मी संजूला बोलावलं. त्यांचाच पोरगा, हा समोर बसलाय. म्हटलं, हे काय केलास? तर म्हणाला, "काका, लोकांना साफ आवडतंय. मोबाईलवर एका बोटात होतंय." मी विचारलं, "हनुवटीवरचा डाग कुठंय?"

म्हणतोय, "कुठला डाग?"

संजू, मान वर कर. माझ्या मांडीवर खेळलास, म्हणून चारचौघांत बोलायलोय. तू रांगत होतास. चुलीजवळ गेलास, कढईला हात घालणार, तेवढ्यात तुझ्या आईनं तुला ओढलं. तेल तिच्या हनुवटीवर उडालं. फोटो काढताना ती म्हणत होती, "अहो, तेवढं झाकून घ्या की." अण्णानं तिचं तोंड दाराकडं वळवलं. म्हणाला, "तेवढ्यासाठीच बसवलंय तुला." मी तिथं उभा होतो. आणि तू ते एका बोटात पुसलास.

फोटो काढणाऱ्या पोरांनो, तुम्हीबी ऐका. बिदर, भालकी, कुठनं कुठनं आलाव. अण्णासारखा अंधार मोबाईलवर चढवता आणि खाली लिहिता, माझी शैली. त्याचा अंधार घेतलाव, त्याचं बसणं कुणी घेतलं? तुमच्या घराला दार न्हाई का? दारात आई बसत न्हाई का? तिच्याकडं बघा आधी. बघून बघून डोळे दुखले की जे उरंल ते तुमचं. अण्णाचं नका उचलू. त्याला ते आवडलं नसतं, आणि तुम्हाला पुरणार न्हाई.

माझं एवढंच. हे गोरे फोटो मी फ्रेम करणार न्हाई. दुसऱ्याकडनं करून लावले, तर या हॉलमध्ये मी पाय ठेवणार न्हाई. मूळचे फोटो संजूच्या घरी हायेत. काय रे, आणून देतोस? मान हलवून चालत न्हाई. तोंडानं सांग, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे.

बरं. सकाळी घेऊन ये. आईचा सगळ्यांत आधी. तोवर माझा राग तसाच राहू दे.

आता उठा सगळे. अण्णासाठी थोडा वेळ गप उभं राहू. डोळे मिटू नका. मिटल्या डोळ्यांनी त्याला काय पोचणार? शेजारच्या माणसाच्या तोंडाकडं बघा. घाम, पिकलेली दाढी, कुंकवाखालचा वण, जे असंल ते बघा. लाज वाटली तरी नजर काढू नका.

बघा.