एका बेटाचा केवडा

सन्माननीय अध्यक्ष श्रीपादराव, व्यासपीठावर बसलेल्या काचघराच्या प्रमुख फ्राऊ डॉक्टर लिंडेमान, आजचे सत्कारमूर्ती उल्हासराव, आणि बर्लिनच्या या थंडीत आवर्जून आलेल्या तुम्हा सर्वांना मनोरमाचा नमस्कार. अध्यक्षांनी मला तीन मिनिटं दिली आहेत. पाच लागतील, रागावू नका.

उल्हासरावांनी काचघरात बारा वर्षं एक झाड सांभाळलं. आपल्या केवड्याच्या कुळातलं, पण हिंदी महासागरातल्या एकाच बेटावर उगवणारं. तिथेही आता मोजकीच उरलीत. इथलं झाड नर, मादी दुसऱ्या शहरातल्या बागेत. इथे फुलोरा आला की पराग तिकडे पाठवायचे, बी धरलं की रोपं बेटावर न्यायची, एवढाच त्यांचा ध्यास. आम्ही चिडवायचो, "अहो, झाडाशी लग्न लावलंय का?" ते हसून जर्मनमध्ये दुजोरा द्यायचे, "गेनाऊ!"

गेल्या वर्षी फुलोरा आला. एकच कणीस. मी रविवारी तिथे मदतीला जायचे. दुसऱ्या दिवशी गणपती. ते पांढरंशुभ्र कणीस दिसलं आणि बाकी सगळं विसरलेच हो मी! इथे आल्यापासून सोळा वर्षांत बाप्पाला केवडा वाहिला नव्हता. कापलं, घरी आणलं, ताजं राहावं म्हणून आपण शिंपडतो तसं पाणी शिंपडलं.

उल्हासराव आरतीला आले. मखराकडे बघून त्यांचा चेहरा पडला. "पाणी मारलंत?" एवढंच विचारलं. भिजलेले पराग वाया जातात, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी आरती पूर्ण म्हटली, प्रसादही घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात सांगितलं, "माझ्याच हातून तुटलं." मी म्हटलं, मी येऊन सांगते. तर म्हणाले, "वहिनी, तुमचं तिथे येणं बंद होईल. राहू द्या." आणि मी राहू दिलं. लाज वाटते मला. त्यांचा करार पुढे वाढला नाही, म्हणून आजचा हा निरोप. पत्रात कारण लिहिलंय, निष्काळजीपणा. बारा वर्षं त्या झाडासाठी सुट्टी न घेणारा माणूस निष्काळजी?

उल्हासराव, मला थांबवू नका.

सभागृह सजवणाऱ्या उल्का आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या सरलाताई, तुमचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. केलं त्याची माफी मात्र मी या सभेकडे मागत नाही. ज्यांच्याकडे मागायची त्या इथेच व्यासपीठावर बसल्यात, आणि त्यांना मराठी येत नाही.

श्रीपादराव, माइक घेऊ नका. हेच सगळं मला आता जर्मनमध्ये सांगायचंय.