चाखल्याशिवाय गूळ न्हाय

आमच्या किराणा दुकानाचा मी मॉल केला, तवाची गंमत ऐका. आज्जानं दुकान काढल्यापासनं आमच्यात गूळ घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाला खडा चाखायला द्यायची पद्धत. मी काउंटर काढला, रॅक लावले, गूळ पाकिटात बंद केला. पहिल्याच दिवशी गल्लीतल्या शेवंताकाकू आल्या आणि रॅकपाशी एकामागनं एक पाकिटं फोडून चाखायला लागल्या.

मी वरडलो, "काकू, हे काय करायलाय?"

"तुझ्या आज्जानं न चाखता कधी गूळ दिला न्हाय!"

गल्ल्यावर आमचे वडील. म्हटलं, ते तरी बोलतील. तर ते म्हणाले, "खरं हाय की वहिनींचं!"

मी हात टेकले. "बरं, कुठला आवडला?"

"ह्यो मधला झकास हाय. पण फुटलेलं पाकीट नगं बाबा, बंद असलेलं दे."