पाइप आमच्याही दारात आला होता

मंडळी, बसून घ्या. मागे खुर्च्या पुरत नसतील तर पुढे सतरंजीवर या, जागा आहे. हणमंतअण्णांसाठी एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांच्या घरच्यांनाही वाटलं नव्हतं. त्यांच्या पत्नी गिरिजाअक्का पहिल्या रांगेत बसल्यात. अक्का, मला तुमच्याकडे बघून बोलणं जमायचं नाही. मी समोरच्या भिंतीकडे बघून बोलते, रागावू नका.

मला माइकची भीती नाही. मंडळाची कार्यवाह म्हणून दर वर्षी इथेच उभी राहून मी अहवाल वाचते आणि तुम्ही जांभया देता. आज मात्र अहवाल नाही. समोरासमोर घरं आमची. सकाळी दार उघडलं की पहिलं तोंड अण्णांचं दिसायचं. आता त्यांचं दार उघडं असतं आणि व्हरांड्यातली खुर्ची आत नेलेली असते.

मघाशी अध्यक्षांनी मला पायरीवर गाठलं. अध्यक्ष म्हणजे माझे धाकटे दीर, सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणाले, "वहिनी, चांगलं चांगलं तेवढंच बोला. ते प्रकरण नको." मी म्हटलं, "बघते." मी बघते म्हटलं की काय होतं, हे इतक्या वर्षांत त्यांना कळायला हवं होतं.

तर त्या प्रकरणाबद्दलच बोलते. कोरमंगल्याहून आलेली, तिकडे नोकरीला असलेली मुलं-मुली आहेत इथे, मूळची पुण्याची, नागपूरची. तुम्हाला अण्णा म्हणजे आपल्या गणपतीत मागच्या खुर्चीत एकटे बसणारे म्हातारे, एवढंच माहीत. तुमच्यासाठी सुरुवातीपासून सांगते.

अण्णा एका बांधकाम कंपनीत होते. कामगारांचं बघायचे. मजुराची हजेरी बुडाली, कुणाच्या बायकोला दवाखान्यात न्यायचंय, की अण्णा स्कूटर काढणार. कन्नड, तमिळ, तेलुगू, ज्याला जी समजेल ती बोलणार. त्याच लोकांनी त्यांना निवडणुकीला उभं केलं आणि निवडूनही आणलं. अय्यो, काय ती मिरवणूक! आपली मराठी घराणी या कानडी गावात साडेतीनशे-चारशे वर्षं राहतायत, पण आपल्यातला माणूस महापालिकेत बसला, तो आपण पहिल्यांदाच बघितला. मी स्वतः त्यांना ओवाळलं. दोनदा निवडून आले, दोनदा ओवाळलं.

काम केलं का त्यांनी? केलं. मजुरांच्या वस्तीत नळ आले ते अण्णांनी भांडून आणले. आपल्या क्रॉसवर, या आपल्या गल्लीत, मात्र उन्हाळ्यात नळाला नुसता वारा यायचा. आपण कुरकुरलो, तर म्हणाले, "त्यांचं आधी होऊ द्या. आपल्याकडे निदान विकत घ्यायची ऐपत आहे." तेव्हा मला राग आला होता. लोकांची पोरं न्हाऊमाखू घालायची आणि घरच्यांनी कोरडं राहायचं, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलं. ते हसले.

आता त्यांचं चुकलं कुठे, ते सांगते. त्यांचं चुकलंच, मंडळी. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण खोटं बोलावं असंही कुणी म्हटलेलं नाही.

नगरसेवक झाल्यावर अण्णा कंपनीच्या मालकांकडे राजीनामा द्यायला गेले. मालक म्हणाले, "कशाला? पाच वर्षांनी परत येशील. तुझी खुर्ची तुझीच." आणि पगार चालू राहिला. काम नाही, हजेरी नाही, पगार मात्र दर महिन्याला. ही कंपनी इमारती बांधणारी. तिचे नकाशे, तिच्या परवानग्या, सगळं महापालिकेतच यायचं. अण्णांनी त्यांच्यासाठी कधी कुणाकडे शब्द टाकला का? ते म्हणायचे, कधीच नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. पण मग पगार कशाचा होता? हा प्रश्न पुढे त्यांना सगळ्यांनी विचारला. मीही एकदा विचारला. ते म्हणाले, "वीस वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांनी प्रेमानं पुढे केलेलं नको कसं म्हणायचं? संकोच वाटला हो."

संकोच! दुसऱ्या कुणाला हे पटणार नाही. आपल्याला पटतं. ताटात वाढलेलं नको म्हणायला आपण लाजतो. घशाखाली उतरत नसलं तरी खातो, वाढणाऱ्याचं मन मोडत नाही. अण्णांनी पगारही तसाच घेतला. पण पगार म्हणजे श्रीखंड नव्हे, हे नगरसेवकाला कळायला हवं होतं.

आणि मग आलं पाणी.

तो उन्हाळा आठवतो ना? नळ कोरडे, बोअर कोरडी, टँकरवाले दार वाजवलं तरी ओ देत नव्हते. कंपनीनं अण्णांच्या घरी टँकर पाठवायला सुरुवात केली. फुकट. अण्णांच्या घरात माणसं दोन, टाकी केवढीशी. टँकर आला की अण्णा रस्त्यात उभे राहून हाका मारायचे, "अक्का, पाइप ओढून घ्या! आधी तुमची भरा, घरात सूनबाई बाळंतीण आहे." पहिल्या दिवशी मी विचारलं, "अण्णा, याचे किती द्यायचे?" ते म्हणाले, "कंपनीचं आहे हो. स्वल्प जास्तच आलंय."

मी जन्मभर बँकेत नोकरी केली, मंडळी. नगरसेवकाच्या दारात कंपनीचं फुकट पाणी म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला त्याच क्षणी कळलं. आणि मी काय म्हटलं? "सरी, बरं," म्हटलं, आणि पाइप ओढला.

माझ्या शेजारच्यांनी ओढला, त्यांच्या शेजारच्यांनी ओढला. क्रॉसच्या टोकापर्यंत पाइपला पाइप जोडून पाणी गेलं. या हॉलच्या टाकीतही तेच पाणी होतं. त्या उन्हाळ्यात इथे लग्न झालं, त्याचा स्वयंपाक त्याच पाण्यावर झाला. कुणाचं लग्न ते सांगत नाही, नवरदेव इथेच बसलाय आणि आता त्याला पोट सुटलंय. हसा, हसा. अण्णांनाही हे आवडलं असतं.

मग ते पेपरात आलं. नगरसेवकाला कंपनीचा पगार, नगरसेवकाच्या घरी कंपनीचं पाणी. पक्षानं दोन दिवसांत हात वर केले. ज्या वस्तीत अण्णांनी नळ आणले, तिथेही त्यांचे फलक फाडले गेले. अण्णांनी राजीनामा दिला. चौकशी बसली.

पेपरवाले आपल्या क्रॉसवरही आले. एक मुलगी माझ्या दारात आली, वही काढून विचारलं, "टँकर त्यांच्या घरी यायचा का?" मी म्हटलं, "हो, त्यांच्या दारातच उभा राहायचा." यात खोटा शब्द एकही नाही. टँकर त्यांच्याच दारात उभा राहायचा. पाइप माझ्या दारात यायचा, तेवढं मी सांगितलं नाही. तिनं विचारलं नव्हतं ना! आणि मी एकटीच नव्हते. संध्याकाळी आपण एकमेकांना विचारलं, तू काय सांगितलंस, तुम्ही काय सांगितलंत. सगळ्यांचं उत्तर अगदी सारखं. कुणी ठरवलं नव्हतं, तरी सारखं.

खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. आपण तर पाणी पिऊन वासे मोजले.

आणि पुढे? भांडलो का आपण अण्णांशी? मुळीच नाही. आपण सभ्य माणसं. त्यांना कुणी काही बोललं नाही. फक्त आरतीचं ताट त्यांच्यापर्यंत पोहोचायच्या आधीच वळायला लागलं. हळदीकुंकवाला गिरिजाअक्कांना बोलावणं जायचं, पण आदल्या रात्री नाही, ऐन वेळी. लग्नाची पत्रिका पोस्टानं जायची, समोरच्या घरातून समोरच्या घरात, पोस्टानं! मी पाठवली होती, माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नाची. अण्णा आले. मांडवात मागे बसले, अक्षता टाकल्या, न जेवता गेले. मी बघितलं. मी थांबवलं नाही.

मला वाटायचं, या माणसाला कधीतरी राग येईल. एक दिवस भर रस्त्यात उभा राहून ओरडेल, "अरे, तुम्हीही प्यायलात की!" मी त्याची वाट बघायचे. खरंच सांगते, वाट बघायचे. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते, भांडण झालं असतं, आणि मग एखाद्या संक्रांतीला तिळगूळ देऊन ते मिटलंही असतं. ते कधी ओरडले नाहीत. सकाळी दार उघडलं की म्हणायचे, "काय अक्का, कॉफी झाली का?" मी म्हणायचे, "झाली." तुमची झाली का, हे विचारायला मला जड जायचं.

परवा मी गिरिजाअक्कांना भेटायला गेले. शोकप्रस्तावाचा मसुदा घेऊन गेले होते, रिवाज आहे आपला, घरच्यांना आधी वाचून दाखवायचा. त्यात लिहिलं होतं, मनमिळाऊ, धर्मपरायण, मंडळाचे ज्येष्ठ सभासद. अक्कांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "नगरसेवक होते, ते कुठंय?" मी म्हटलं, "अक्का, ते लिहिलं की बाकीचं आठवतं लोकांना." त्या म्हणाल्या, "आठवू द्या की."

आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. चौकशीत अण्णांना विचारलं होतं, टँकरचं पाणी कोण कोण वापरायचं? घरात दोन माणसं आणि एवढे टँकर, हे कुणालाही खटकणारच. क्रॉसवरच्या लोकांना वाटून दिलं, असं म्हणाले असते तर त्यांचं पुष्कळ सुटलं असतं. अक्का त्यांना म्हणाल्याही होत्या, सांगा म्हणून. अण्णांनी चौकशीत सांगितलं, "सगळं माझ्या घरी वापरलं." घरी येऊन अक्कांना म्हणाले, "त्यांना मीच बोलावलं होतं गं. बोलावलेल्या माणसाचं नाव कसं सांगायचं?"

मंडळी, हे ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही.

मी उठायला लागले तर अक्कांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "त्यांना चांगलं म्हणू नका. वाईटही म्हणू नका. झालं ते लिहा. नसेल जमत तर प्रस्तावच नको, माझी काही तक्रार नाही." एवढंच मागितलं त्यांनी. इतक्या वर्षांत या बाईनं आपल्यापैकी कुणाकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

म्हणून मी मसुदा बदललाय. अध्यक्षांना विचारलेलं नाही. माझं कार्यवाहपद घ्यायचं असेल तर घ्या. वाचते.

"हणमंतअण्णा दोन वेळा आपले नगरसेवक होते. त्यांनी गरिबांच्या वस्तीत पाणी आणलं. त्यांनी घेऊ नये तो पगार घेतला आणि घेऊ नये ते पाणी घेतलं, त्याची शिक्षा त्यांनी एकट्यानं भोगली. ते पाणी आमच्या घरांतही आलं होतं. आम्ही ते जाणूनबुजून घेतलं आणि विचारल्यावर सांगितलं नाही. मंडळ त्यांना श्रद्धांजली वाहतं आणि श्रीमती गिरिजाबाईंची क्षमा मागतं."

संपलं. आता प्रस्ताव मंजूर व्हायला हवा. हात वर करायला मी सांगणार नाही. आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतो, तेच आज मत समजू. फक्त एक विनंती आहे. ज्यांच्या घरात ते पाणी आलं नव्हतं, त्यांनी उठू नये. कोरमंगल्याच्या मुलांनो, तुम्ही बसून राहा, तुमचा यात काही संबंध नाही. ज्यांच्या घरात आलं होतं, त्यांनीच उभं राहायचं. मान खाली घालू नका. गिरिजाअक्का पहिल्या रांगेतून उठून मागे वळणार आहेत. त्यांना बघू दे, कोण कोण उभं आहे ते.

मी तर उभीच आहे.

उठा.