आरोपी शेजारी बसला

वकीलबाई: या आजोबा, बसा. जपून, खुर्ची डगमगते.

आजोबा: खुर्चीच ना? पुरावा नाही ना डगमगत? सगळं ऑफिस मला आजोबा म्हणतं आणि वाद घालतेस म्हणून तुला वकीलबाई, पण मला आरोपी म्हणणारी तूच पहिली.

वकीलबाई: आरोपी कुठं म्हटलं? ग्राहकाचं व्हर्च्युअल मशीन आठवड्यात तीनदा कोसळलं ते सारखी लागणारी माहिती हाताशी ठेवणाऱ्या तुमच्या कॅशच्या कोडमुळे, एवढंच लिहिलंय.

आजोबा: एवढंच. अठ्ठावीस जणांना. आणि चार वाजता मीटिंग, माझं बारा वर्षांचं काम उपटून टाकायला.

वकीलबाई: मी तरी काय करू? मशीन पडताना मेमरीची जी नक्कल फाईलमध्ये उतरली, त्यात मेमरीच्या बिघडलेल्या पानावर, म्हणजे तुकड्यावर, तुमचाच शिक्का. नोंदीच्या आधी खूण म्हणून सातचा आकडा चारदा, चार सत्ते, आणखी कोण मारतं?

आजोबा: मीच. हौस आहे. कागद-पेन्सिल दे.

वकीलबाई: आता कागद? माझं टूल आहे की!

आजोबा: टूल तुझं, मान माझी. प्रोग्रामनं मागितलेला पत्ता सांग. कुठला पत्ता खरा कुठं ते सांगणारे चार तक्ते ओलांडून मेमरीतल्या खऱ्या पत्त्यापर्यंत हातानं जाऊ.

(दहा मिनिटं नुसती पेन्सिलीची खरखर.)

आजोबा: चारही तक्ते बरोबर. खरा पत्ता सहा जीबीच्या जरासा पुढे.

वकीलबाई: टूल तेच सांगतंय! म्हटलं नव्हतं?

आजोबा: घोडं आवर. मग फाईलमध्ये कुठं वाचलंस?

वकीलबाई: सहा जीबीच्या जरासं पुढे. जो पत्ता, तीच जागा.

आजोबा: टूल तपासलंस कशावर?

वकीलबाई: माझ्या दोन जीबीच्या मशीनवर. एकदाही चुकलं नाही.

आजोबा: आणि ग्राहकाचं मशीन आठ जीबीचं. त्यात तीन ते चार जीबीमधले पत्ते नेटवर्क कार्ड वगैरे मंडळींसाठी राखीव. तिथं मेमरीच नसते, म्हणून फाईलमध्येही ती जागा नसते. चारच्या पुढचं सगळं फाईलमध्ये एक जीबी अलीकडे सरकतं.

वकीलबाई: थांबा... म्हणजे मी भलतंच पान वाचलं? मग तक्ते कसे बरोबर सापडले?

आजोबा: ते तीन जीबीच्या आत होते, तिथवर काही सरकत नाही. तुझं फक्त शेवटचं पाऊल घसरलं.

वकीलबाई: आणि मी वाचलं ते पान...

आजोबा: माझ्या कॅशचं, हक्काचं. स्वतःच्या घरात झोपलेल्या माणसाला चोर म्हणून धरलंस, बाई.

वकीलबाई: अरे देवा. अठ्ठावीस जणांना कळवून बसले! फार लाज वाटतेय, आजोबा.

आजोबा: वाटू दे, तब्येतीला चांगली असते. आता खरं पान उघड.

वकीलबाई: एक जीबी वजा... हे आलं. इथं मात्र कुणीतरी भलतंच लिहून ठेवलंय. तीन सत्ते, मग एक अठ्ठा. हा कोणाचा शिक्का?

आजोबा: स्क्रीन जरा इकडे वळव.

वकीलबाई: हे बघा.

आजोबा: माझाच. गेल्या महिन्यात लॉगचा, म्हणजे मशीनच्या घडामोडी टिपणारा, नवा कोड लिहिला, त्याचा. नोंद जागेपेक्षा लांब झाली आणि शेजारच्या पानावर सांडली.

वकीलबाई: म्हणजे चोर तुम्हीच! मी फक्त चुकीच्या घरात धरलं!

आजोबा: हस, हस. मीही हसलो असतो. पण आतून चिरलं गं. अशी चूक पूर्वी व्हायची नाही माझ्या हातून.

वकीलबाई: ऐका ना. मीटिंगला अजून वीस मिनिटं आहेत. कॅश निर्दोष, इतकंच सांगते. लॉगचं तुम्ही उद्या गुपचूप दुरुस्त करा.

आजोबा: आणि आज मशीन चौथ्यांदा पडलं तर? पत्र लिहायला घे. त्याच अठ्ठावीस जणांना.

वकीलबाई: काय लिहू?

आजोबा: आधी तुझी चूक, मग माझी.

वकीलबाई: तुमची आधी टाकली, तर माझी कुणी वाचणारसुद्धा नाही.

आजोबा: म्हणून तर तुझी आधी.